न बोलणाऱ्या गिऱ्हाइकाचं मत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कोपऱ्यावरच्या वाण्याला आपल्या घरातलं बरंच काही ठाऊक असतं. एकादशी जवळ आली की साबुदाणा आणि वऱ्याचे तांदूळ जास्त मागवायचे, कुठला चहा हातोहात उठतो, कुठला साबण फळीवर धूळ खात पडतो, हे त्याला कुणी लिहून कळवत नाही. तो गल्ल्यावर बसलेला असतो आणि सगळं बघत असतो. गिऱ्हाईक रिकामी पिशवी घेऊन परत गेलं, तरी त्याला तेही दिसतं.

आता असं एक दुकान डोळ्यांसमोर आणा, की ज्यात सत्तर हजारांच्या आसपास जिन्नस आहेत, सगळे फुकट आहेत आणि गिऱ्हाइकं जगभर पसरलेली आहेत. पण दुकानदाराला त्यांतलं एकही दिसत नाही. पैसे घ्यायचे नाहीत म्हणून पावती नाही, पावती नाही म्हणून वही नाही. कुठला जिन्नस ठेवावा, कुठला काढावा, मांडणी कशी बदलावी, हे त्या दुकानदाराने ठरवायचं कसं? आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो हाच आहे. दुकानाचं नाव आहे पॅकेज मॅनेजर आणि ते असतं लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात.

पुरणपोळीचं गणित

लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी मूळ यंत्रणा. विंडोजचं जे काम, तेच हिचं. फरक असा, की तिची अंतर्गत रचना सर्वांना खुली आहे आणि ती कुणीही घ्यावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. ही यंत्रणा आणि तिच्यावर चालणारे हजारो प्रोग्रॅम नीट जुळवून लोकांपर्यंत पोचवणारे गट आहेत. अशा प्रत्येक जुळणीला 'वितरण' म्हणतात. डेबियन हे त्यांतलं एक जुनं वितरण. इयन मरडॉक या अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी ते जाहीर केलं. ते मुख्यतः जगभरातले स्वयंसेवक चालवतात. २०२५च्या ऑगस्टमध्ये डेबियनची तेरावी आवृत्ती आली. तिच्यात ६९ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. पॅकेज म्हणजे बांधून तयार ठेवलेला पुडा. त्यात एखादा प्रोग्रॅम, किंवा प्रोग्रॅमला लागणारा एखादा भाग असतो.

आता पॅकेज मॅनेजर काय करतो? समजा, घरी पुरणपोळी करायची आहे. नुसती हरभऱ्याची डाळ आणून भागत नाही. गूळ हवा, कणीक हवी, वेलदोडे-जायफळ हवं, पोळी लाटायला पिठी हवी. पॅकेज मॅनेजर हा असा हुशार गडी आहे, की त्याला 'पुरणपोळी' एवढा एकच शब्द सांगायचा. घरात काय आहे, काय नाही हे तो बघतो, उरलेलं सगळं आणतो आणि जागच्या जागी लावतो. पुढे कधी पुरणपोळी नको झाली, तर फक्त तिच्यासाठी आणलेलं सामान कुठलं आणि आमटीलाही लागणारी डाळ कुठली, हा हिशेबही तोच ठेवतो. डेबियनच्या या गड्याचं नाव ॲप्ट. फेडोरा नावाचं दुसरं मोठं वितरण आहे, तिथे हे काम डीएनएफ करतो.

संगणकात नवं काही येतं किंवा जुनं जातं, ते याच्या हातून. म्हणून त्याच्यात कुठली सोय असावी, कुठली नसावी, त्याने केव्हा विचारावं आणि केव्हा मुकाट्याने काम करावं, हे ठरवणं जोखमीचं असतं. चूक झाली तर एखादा प्रोग्रॅम बिघडून भागत नाही, अख्खा संगणक अडून बसतो. आणि हे सगळं ठरवायचं ते न दिसणाऱ्या माणसांसाठी. त्यांचं मत मिळवण्याच्या चार वाटा मला दिसतात. प्रत्येक वाटेने उत्तर मिळतं, पण दर वेळी वेगळ्या माणसांचं.

पहिली वाट: मोजणी

डेबियनमध्ये 'पॉप्युलॅरिटी कॉन्टेस्ट' नावाचं एक छोटं पॅकेज आहे. नाव लोकप्रियतेच्या स्पर्धेचं असलं, तरी काम शिरगणतीचं आहे. डेबियन संगणकावर बसवताना एक प्रश्न विचारला जातो: आपण कुठली पॅकेजेस वापरता, याची माहिती पाठवायची का? तयार उत्तर 'नाही' असंच ठेवलेलं असतं. आपण होऊन 'हो' म्हटलं, तरच आठवड्यातून एकदा यादी जाते. तिच्यावर आपलं नाव नसतं, आपोआप तयार झालेला एक आकडा असतो.

या मोजणीत एक शहाणपण आहे. पॅकेज नुसतं संगणकात आहे की खरोखर वापरलं जातंय, हे ती वेगवेगळं मोजते. पॅकेजमधल्या फाइली अलीकडे उघडल्या गेल्या का, हे बघून ती अंदाज बांधते. आपल्या स्वयंपाकघरातही असंच असतं. लग्नात आलेली भांडी माळ्यावर असतात आणि रोजचं पातेलं ओट्यावर. घरातल्या भांड्यांची यादी केली तर दोन्ही येतील, पण खरकटं पातेलंच होतं. या आकडेवारीचा एक सरळ उपयोग असा, की डेबियन जेव्हा अनेक सीड्यांवर दिलं जाई, तेव्हा पहिल्या सीडीवर कुठली पॅकेजेस घालायची, हे ठरवायला तिची मदत होत असे. इंटरनेट महाग आणि मंद होतं, त्या दिवसांत ही फार मोठी गोष्ट होती. जे पहिल्या सीडीवर आहे, ते बहुतेकांना लगेच मिळे.

पण ही मोजणी कुणाची झाली? 'हो' म्हणणाऱ्यांची. एखाद्या कार्यालयातला सर्व्हर बाहेर काही पाठवू देत नाही, तो मोजला जात नाही. ज्या संगणकाला इंटरनेटच नाही, तोही नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, हा प्रश्न विचारला जातो तो यंत्रणा बसवणाऱ्याला. वापरणाऱ्याला नव्हे. केरळमधल्या सरकारी शाळांमध्ये लिनक्सवर आधारलेली, खास शाळांसाठी जुळवलेली यंत्रणा आहे. अशा शाळेच्या संगणक कक्षात बसणाऱ्या मुलाला असा प्रश्न कधी दिसेल? तो दिसला तर बसवून देणाऱ्या माणसाला, तोही घाईच्या वेळी.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. संख्या कमी म्हणजे गरज कमी, असं समजण्याचा मोह होतो. डेबियनमध्ये बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्रॅम आहे. अंध व्यक्ती बोटांनी वाचू शकेल अशा ब्रेल पट्टीवर तो पडद्यावरचा मजकूर उमटवतो. हा वापरणारे थोडेच असणार. पण जो वापरतो, त्याच्यासाठी तो प्रोग्रॅम नसणं म्हणजे संगणकच नसणं. उलट पडद्यावरचं वाचून दाखवणारा ऑर्का हा प्रोग्रॅम एका लोकप्रिय मांडणीबरोबर आपोआपच येतो. म्हणून तो पुष्कळ संगणकांत असतो, पण चालू करणारे मोजकेच. नुसत्या आकड्यांवर विसंबलं, तर पहिला नको म्हणून काढला जाईल आणि दुसऱ्याची लोकप्रियता आहे त्याहून फार मोठी वाटेल. मराठी वाचणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. जगाच्या शिरगणतीत आपली लिपी लागणारे संगणक थोडेच भरतील.

दुसरी वाट: तक्रार

जुलै १९९७मध्ये डेबियनने आपल्या वापरकर्त्यांशी एक सामाजिक करार केला. त्यातलं एक वचन असं, की आम्ही अडचणी लपवणार नाही. त्याप्रमाणे डेबियनमधल्या दोषांची नोंदवही सर्वांना खुली आहे. कुणीही साधं ई-मेल पाठवून तक्रार नोंदवू शकतो, त्यासाठी खातं उघडावं लागत नाही. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो. २०२१मध्ये हा क्रमांक दहा लाखांच्या पुढे गेला. दोष किती गंभीर, याच्या सात पायऱ्या आहेत. सगळ्यांत वरची पायरी संगणक किंवा त्यातली माहिती धोक्यात आणणाऱ्या दोषांची. सगळ्यांत खालची 'विशलिस्ट', म्हणजे इच्छांची यादी. 'ॲप्टमध्ये अमुक सोय असती तर बरं झालं असतं' अशा मागण्या याच यादीत जातात.

या वहीचा सर्वांत सुंदर उपयोग मला वाटतो, तो वेगळाच आहे. 'ॲप्ट-लिस्टबग्ज' नावाचं एक पॅकेज आहे. ते बसवलं, की ॲप्ट कुठलंही नवं पॅकेज बसवण्याआधी या वहीत डोकावतो. त्या पॅकेजबद्दल कुणी गंभीर तक्रार केलेली असेल, तर ती आपल्याला दाखवतो आणि विचारतो, पुढे जायचं का? म्हणजे एका माणसाने पाठवलेलं मत फक्त कर्त्यापर्यंत पोचून थांबत नाही, पुढच्या गिऱ्हाइकालाही सावध करतं. 'या दुकानातला हा डबा फुटका निघाला' असं शेजारणीने वेळेवर सांगावं, तसं.

पण इथेही विचारायला हवं, की तक्रार करतं कोण? ज्याला इंग्रजीत लिहिता येतं, ज्याला दोष प्रोग्रॅमचा आहे, आपला नाही, असा विश्वास असतो, आणि ज्याला पुढच्या प्रश्नोत्तरांना वेळ आहे, असा माणूस. नवखा माणूस सहसा तक्रार करत नाही. 'आपल्याला जमत नाही बुवा' असं म्हणून तो दुसरीकडे वळतो. नोंदवहीत त्याची नोंद नाही आणि कंटाळून गेलेल्या माणसाची नोंद कुठल्याच वहीत होत नसते. शिवाय इच्छांची यादी लिहिणारे बहुधा मुरलेले लोक असतात. त्यांना आणखी बटणं, आणखी खटके, आणखी बारकावे हवे असतात. केवळ त्यांचंच ऐकत गेलं, तर गडी दिवसेंदिवस हुशार होतो आणि नवख्याला त्याच्याशी बोलणंच कठीण होऊन बसतं.

तिसरी वाट: आधी सांगून मग करणं

फेडोराची रीत थोडी वेगळी आहे. तिथे मोठा बदल करायचा, तर त्याचा प्रस्ताव लिहून सर्वांसमोर ठेवावा लागतो. लोक त्यावर बोलतात, भांडतात, आणि मग नऊ निवडलेल्या सदस्यांची तांत्रिक समिती निर्णय देते. या रीतीची खरी परीक्षा २०१९मध्ये झाली. गंमत म्हणजे, विषय मोजणीचाच होता.

आपली यंत्रणा किती संगणकांवर चालते, हे फेडोराला नीट कळत नव्हतं. पॅकेज मॅनेजर नव्या पॅकेजेसची चौकशी करायला येतो, तेव्हा तो कुठल्या इंटरनेट पत्त्यावरून आला, हे दिसतं. असे वेगवेगळे पत्ते मोजले जात. पण चाळीस खोल्यांच्या चाळीचा टपालाचा पत्ता एकच असावा, तसं कॉलेजातल्या चाळीस संगणकांचा बाहेरून दिसणारा पत्ता अनेकदा एकच असतो. ते चाळीस एक म्हणून मोजले जातात. उलट एकच लॅपटॉप सकाळी घरून, दुपारी कचेरीतून आणि संध्याकाळी स्टेशनावरून आला, तर तो तीन म्हणून मोजला जातो.

यावर जानेवारी २०१९मध्ये एक उपाय सुचवला गेला. प्रत्येक संगणकाला एक स्वतंत्र क्रमांक द्यायचा आणि डीएनएफने चौकशीला येताना तो सांगायचा. मोजणी अचूक होईल. हेतू स्वच्छ होता. पण लोकांनी लगेच धोका दाखवला. एकच क्रमांक सकाळी या पत्त्यावर, दुपारी त्या पत्त्यावर दिसू लागला, तर मोजणीबरोबर त्या माणसाच्या येण्याजाण्याचीही नोंद होत जाईल. आज ती नोंद वापरायची नाही असं ठरवलं, तरी ती कुठेतरी साठणार. उद्या ती दुसऱ्याच्या हाती पडली तर?

प्रस्ताव तसाच रेटला गेला नाही आणि फाइलबंदही झाला नाही. तो बदलला. २०२०मध्ये फेडोराच्या बत्तिसाव्या आवृत्तीत जी सोय आली, तिचं नाव 'काउंटमी', म्हणजे 'मलाही मोजा'. तिची युक्ती अशी. चार रांजण ठेवले आहेत, अशी कल्पना करा. पहिला पहिल्या आठवड्यातल्या नव्या संगणकांचा, दुसरा साधारण महिनाभराच्या संगणकांचा, तिसरा सहा महिन्यांपर्यंतच्यांचा आणि चौथा त्याहून जुन्यांचा. प्रत्येक संगणकाने आठवड्यातून एकदाच आपल्या वयाच्या रांजणात एक सुपारी टाकायची. आठवड्याअखेर सुपाऱ्या मोजल्या, की किती संगणक आहेत आणि किती टिकले, हे कळतं. सुपारी कुणाची, हे मात्र सुपारीवर लिहिलेलं नसतं. संगणक आपलं वय स्वतःच मोजतो आणि एक ते चार यांपैकी फक्त एक आकडा सांगतो. तोही सांगायचा नसेल, तर ही सोय बंद करता येते.

मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. फेडोराला माणसं हवी होती ती मोजण्यापुरती, ओळखण्यासाठी नव्हे. हा भेद प्रस्ताव लिहिणाऱ्यांना जितका स्पष्ट दिसला नाही, तितका तो वाचणाऱ्यांनी दाखवून दिला. बदल झाल्यावर विचारलं असतं, तर फक्त राग मिळाला असता. आधी विचारल्यामुळे अधिक चांगली रचना मिळाली. तरी या वाटेचीही मर्यादा आहेच. प्रस्ताव वाचायला येतात, ते जागरूक लोक. आपल्या यंत्रणेत असा बदल होऊ घातलाय, याची बहुतेक वापरणाऱ्यांना गंधवार्ताही नसते.

चौथी वाट: नुसतं बघणं

आता चौथी वाट. नोव्हेंबर २०२१मध्ये कॅनडातल्या लायनस सेबॅस्टियन या गृहस्थांनी आपल्या प्रसिद्ध यूट्यूब वाहिनीवर एक प्रयोग दाखवला. लिनक्सचे जनक लायनस टॉरवाल्ड्स ते हे नव्हेत, नाव तेवढं सारखं. संगणकाची त्यांना चांगली जाण आहे, पण रोजच्या वापरात लिनक्स नवं होतं. त्यांनी पॉप ओएस हे वितरण घेतलं. तिथेही पॅकेज मॅनेजर ॲप्टच आहे. त्यांना खेळांसाठी लागणारा स्टीम हा प्रोग्रॅम बसवायचा होता. चित्रांच्या खिडकीतून तो बसेना, म्हणून त्यांनी आज्ञा टंकून पाहिली.

त्या वेळी दुकानातल्या काही पुड्यांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. ॲप्टने हिशेब मांडला, की स्टीम बसवायचं तर पडद्यावरची सगळी चित्रमय मांडणी काढून टाकावी लागेल. पुरणपोळीसाठी ओटाच फोडायचा, असला हा हिशेब! ॲप्टने इशारा दिला, काढायच्या पॅकेजेसची लांबलचक यादी दाखवली आणि सांगितलं, की तरीही पुढे जायचं असेल तर 'होय, मी सांगतो तसं कर' या अर्थाचं इंग्रजी वाक्य टंका. त्यांनी ते टंकलं. चित्रमय मांडणी गेली आणि उरला तो नुसत्या अक्षरांचा काळा पडदा.

पुष्कळ जाणकार म्हणाले, इशारा वाचायला नको होता का? बरोबर आहे. पण आपण बँकेच्या आणि विम्याच्या कागदांवर 'वाचून सही केली' असं लिहून सही ठोकतो, तेव्हा त्यातलं किती वाचलेलं असतं? रोज दहा ठिकाणी 'मान्य आहे' म्हणणाऱ्या माणसाला अकरावं वाक्य वेगळं वाटत नाही. जाणकारासाठी जो अडसर होता, तो नवख्याला आणखी एक उपचार वाटला.

पॉप ओएसच्या लोकांनी दोष दुरुस्त केला आणि ॲप्टमध्येही असं सहज करता येऊ नये असा बदल केला. त्याच महिन्यात आलेल्या ॲप्टच्या २.३.१२ या आवृत्तीपासून मूळ ॲप्टनेही अशा पेचात संगणकाचे अत्यावश्यक भाग काढून टाकण्याचा मार्ग स्वतःहून धरणं सोडलं. ते वाक्य त्याआधी कित्येक वर्षं ॲप्टमध्ये होतं. कुठल्या प्रश्नावलीत हा दोष सापडला असता? 'धोक्याचा इशारा पुरेसा आहे का?' असं विचारलं असतं, तर मुरलेल्या वापरकर्त्यांनी 'हो' म्हटलं असतं. एका नवख्या माणसाकडे नुसतं बघितल्यावर जे कळलं, ते विचारून कळलं नसतं. मात्र त्या माणसापुढे कॅमेरा होता आणि मागे मोठा प्रेक्षकवर्ग होता, हेही विसरू नये. कॅमेरा नसलेल्यांनी कुठे सांगायचं?

मागणी एक, गरज दुसरी

मत मिळालं, की काम संपत नाही. लोक बहुधा गरज सांगत नाहीत, त्यांना सुचलेला उपाय सांगतात. कुणी म्हणतं, काम किती झालं ते दाखवणारी पट्टी हवी. त्यामागची गरज असते, 'हे चालू आहे की अडकलंय, ते कळू दे.' कुणी म्हणतं, रंग हवेत. त्यामागची गरज असते, 'काय येणार आणि काय जाणार, हे एका दृष्टिक्षेपात दिसू दे.'

त्यात आणखी एक पेच. डेबियनमध्ये बरीच वर्षं 'ॲप्ट-गेट', 'ॲप्ट-कॅश' अशा वेगवेगळ्या आज्ञा होत्या. बसवायला एक, शोधायला दुसरी. नवख्याचा गोंधळ होई. मग त्या सरळ बदलून का टाकल्या नाहीत? कारण या आज्ञा माणसांइतक्याच यंत्रंही वापरतात. जगभरच्या सर्व्हरवर रात्री-अपरात्री आपोआप चालणाऱ्या लिखित सूचनांमध्ये त्या गुंफलेल्या आहेत. उत्तराची ओळ जरा इकडची तिकडे झाली, तर त्या सूचना कोलमडतील, आणि यंत्र काही मत कळवायला येत नाही. यावर १ एप्रिल २०१४ रोजी आलेल्या ॲप्टच्या १.० आवृत्तीने छान तोड काढली. जुन्या आज्ञा होत्या तशाच ठेवल्या. माणसांसाठी 'ॲप्ट' ही नवी, सुटसुटीत आज्ञा दिली आणि तिच्यात कामाची प्रगती दाखवणारी पट्टी घातली. ही आज्ञा स्वयंचलित सूचनांमध्ये वापरू नका, तिचं रूप बदलू शकतं, असा इशाराही ती स्वतःच देते. त्यामुळे पुढचे बदल मोकळेपणाने करता आले. २०२५मध्ये ॲप्टची ३.० आवृत्ती आली. आता येणारी पॅकेजेस हिरव्या रंगात, जाणारी लाल रंगात आणि सगळी रकान्यांत मांडून दाखवली जातात. पडदाभर लाल नावं दिसली, तर नवखा माणूसही क्षणभर थबकेल. २०२१च्या त्या प्रसंगी पडद्यावर हा लाल रंग नव्हता.

आपण काय करू शकतो?

मंडळी, आपल्यापैकी कुणी लिनक्स वापरत असेल, किंवा मुलाच्या कॉलेजात, ग्रंथालयात तो दिसत असेल, तर आपलं मत पोचवणं आपल्या हाती आहे. तक्रार लिहिताना तीन गोष्टी लिहाव्यात: मी काय केलं, काय होईल असं वाटलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं. पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा उतरवावा. एका पत्रात एकच तक्रार. आधी कुणी तीच केली आहे का, ते पाहावं. इंग्रजी साधं, मोडकंतोडकं असलं तरी चालतं. मात्र डेबियनची वही सर्वांना खुली असल्यामुळे आपला ई-मेल पत्ताही त्यात दिसतो, हे लक्षात ठेवून लिहावं.

मराठीचा संबंध इथे थेट आहे. डेबियन बसवताना मराठी भाषा निवडता येते आणि ॲप्टच्या संदेशांचाही मराठी अनुवाद झालेला आहे. पण अनुवाद एकदा करून भागत नाही, मूळ वाक्यं बदलत राहतात. धोक्याचा इशारा आपल्या भाषेत आला, पण तो अवघड किंवा अर्धवट असला, तर त्याचा काय उपयोग? 'हे वाक्य मला कळलं नाही' एवढं कळवणं हेही मोलाचं मत आहे, आणि ते मराठी वाचणाऱ्याशिवाय दुसरं कुणी देऊ शकत नाही. २०२३च्या सप्टेंबरात डेबियनचं वार्षिक जागतिक संमेलन केरळात कोचीला भरलं, भारतात पहिल्यांदाच. म्हणजे हे लोक आपल्यापासून फार लांब राहिलेले नाहीत.

आणि ज्यांच्या हातून इतरांचे संगणक बसवले जातात, त्या शिक्षकांना, कार्यालयातल्या तंत्रज्ञांना आणि घरातल्या जाणत्या मुलामुलींना एक विनंती. 'ही सोय हवी का?' असं कुणालाही विचारू नका. फुकटची सोय नको, असं कोण म्हणेल? त्याऐवजी विचारा, 'शेवटचं काय बसवायला गेला होता आणि कुठे अडलात?' मग शेजारी बसून, माउसला हात न लावता, दहा मिनिटं नुसतं बघा. जिथे समोरच्याचा हात थांबेल, तिथे वहीत एक खूण करा. ती खूण नीट लिहून कळवली, तर न बोलणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं मत तरी दुकानदारापर्यंत पोचेल.